फोटोत खाली पडलेला तो मी

सॅलिना, कॅन्सस
मंगळवार

तीर्थस्वरूप आर्डिथताईस,

व्हर्लिनचा साष्टांग नमस्कार. (आडवं पडण्यात आपला हात कोण धरणार!) तुझा गुडघा कसा आहे? डुलुथची थंडी त्याला मानवणार नाही असं मी तीनदा लिहिलं, पण तू कधी कुणाचं ऐकलंयस? इकडे नडीन बरी आहे, मीही धडधाकट आहे. फक्त शनिवारपासून गावातली माणसं मला रस्त्यात गाठून माझा हात हातात घेऊन हलवतात आणि मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं होतं. का, ते सांगतो.

त्या रॉस्को टिबेट्सची कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली. त्यासाठी त्याच्या कॉलेजनं पत्रकार परिषद ठेवली आणि मलाही आमंत्रण धाडलं. मी तर विरुद्ध संघाचा, मग मला का? तर त्या मेल्या फोटोमुळे. एक्याऐंशीची मॅच, शेवटचे सहा सेकंद, रॉस्को हवेत, चेंडू त्याच्या हातात, आणि ज्याच्यावर त्याला अडवायची जबाबदारी होती तो मी खाली उताणा, तोंड उघडं. इथल्या एकूणएक न्हाव्यांच्या दुकानांत तो फोटो लागलाय. (मी केस घरी कापून घेतो ते काही चिक्कूपणामुळे नाही.) मी तेव्हापासून काय सांगत आलोय ते तुला पाठच आहे, की रॉस्कोनं मला ढकललं. ढकललं असेल तर त्याचे टचडाउनचे गुण बाद, मॅच आमची आणि मी निर्दोष. नडीनला लग्नाआधी पहिल्या भेटीत मी दुसरं काही सांगितलंच नव्हतं. म्हणूनच निघताना ती मला म्हणाली, "आज चारचौघांत विचार त्याला आणि एकदाचा मोकळा हो. तू नाही विचारलंस तर मी विचारीन."

कॉलेजच्या जिममध्ये कार्यक्रम. पाहतो तर भिंतभर तोच फोटो! माझं डोकं नेमकं कॉफीच्या टेबलामागे आलेलं, आणि कुणा शहाण्यानं माझ्या उघड्या तोंडापुढे चमच्यांचा डबा ठेवलेला. सगळ्यांना छातीवर लावायला पट्ट्या दिल्या होत्या. कुणाची 'पत्रकार', कुणाची 'पाहुणा', माझी 'फोटोतला'. जेवायला राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचा रोल होता, ते मात्र खोटं का बोला, झकास होतं. रॉस्को आता काठी टेकत चालतो, पोट चांगलंच सुटलंय. त्यानं रीतीप्रमाणे आधी देवाचे आभार मानले, मग आईचे, मग प्रशिक्षकांचे, आणि कुणी राहायला नको म्हणून पुन्हा देवाचे. तेवढ्यात एका पत्रकारानं माझ्याकडे वळून विचारलं, की मिस्टर स्टकी, खाली पडल्या पडल्या तुम्हाला काय वाटलं? सगळी जिम हसली. गाडीत पन्नास मैल घोकलेलं भाषण, ताई, पार कुठल्या कुठे गेलं. मी भिंतीवरच्यासारखाच तोंड उघडून बसलो.

तेव्हा नडीन उठली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "टिबेट्ससाहेब, तुम्ही ह्याला ढकललंत की नाही, एवढंच सांगा." रॉस्कोनं तिच्याकडे पाहिलं, मग कितीतरी वेळ माझ्याकडे पाहिलं, आणि माइक जवळ ओढून म्हणाला, "ढकललं. दोन्ही हातांनी. व्हर्लिन, माफ कर गड्या."

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्याच्या सन्मानाची बातमी आत कोपऱ्यात आणि ही कबुली पहिल्या पानावर. रेडिओवर कुणी म्हणालं, निवडीचा फेरविचार करा. नडीन तिथे जिममध्येच रडली आणि तेव्हापासून गप्प आहे. आनंदानं असावी. बाकी सर्व क्षेम.

तुझा धाकटा,
व्हर्लिन

ता. क. ताई, तू मॅचच्या दिवशी बाबांची दुर्बीण लावून बसली होतीस. इतक्या वर्षांत एकदाही माझ्या म्हणण्याला हो म्हणाली नाहीस, नाहीही म्हणाली नाहीस. म्हणजे तू पाहिलंस. रॉस्को माझ्यापासून चांगला हातभर लांब होता. माझाच पाय माझ्या पायात अडकला.

आणखी एक. मी रॉस्कोला फोन केला. म्हटलं, असं धडधडीत खोटं का बोललास? तर म्हणतो, "अरे, तुझी बायको उभी होती. मी काय बोलणार होतो?" फोन ठेवला आणि तासभर गॅरेजमध्ये बसून राहिलो. मला पेपरवाल्यांना खरं सांगायचंय, पण आधी नडीनला सांगायला हवं, आणि ते माझ्याच्यानं होत नाहीये. तू येतेस का? मी गप्प बसलो तर तूच सांगून टाक. एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं.

वन्सं, मी नडीन. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं होतं, मी वाचलं. आमच्या लग्नात तुमचा भाऊ नाचताना दोनदा पडला, तेव्हा त्याला कुणी ढकललं होतं? मला तेव्हाच कळलं होतं. त्या दिवशी मी उभी राहिले ती रॉस्को नाही म्हणेल आणि हा त्या खोट्यातून सुटेल म्हणून. तुम्ही जरूर या, पण त्याच्या वतीनं काही बोलू नका. मी कितीही वेळ थांबेन, पण मला ते त्याच्याच तोंडून ऐकायचंय.