हातोडीवाली विरुद्ध छत्रीवाली

सोमवार, ३ मार्च. सकाळ.
माझी उशी हॉलमधल्या सोफ्यावर कोणी टाकली? नातीच्या खोलीतली खिडकीकडची कॉट अकरा वर्षं माझी आहे. काल सुनेची आई बॅगा घेऊन आली, आता कायमची राहणार म्हणे, आणि गुडघ्यांना सोफा सोसत नाही म्हणून थेट माझ्या कॉटवर आडवी. माझ्या गुडघ्यांना कोणी विचारलं? ही वही नातीची जुनी, मागची पानं कोरी होती. कोणी वाचू नये.

मंगळवार, ४ मार्च.
भांडण पेटलं. मुलगा पेपरात तोंड खुपसून बसला. तोडगा नातीने काढला. तिच्या टीव्हीवरच्या मारामारीच्या गेमवर फैसला, रविवारी चार वाजता, एकच मॅच. जिंकेल तिची कॉट, हरेल तिचा सोफा. मी लगेच हो म्हटलं. विहीणबाई जन्मभर टायपिस्ट, नुसती टकटक. मी तीस वर्षं लाँड्रीत इस्त्री फिरवली आहे. मनगट बघावं माझं.

बुधवार, ५ मार्च.
खेळ समजला. फार काही नाही. हवेत फळ्या टांगलेल्या, त्यांवर दोन बाया उड्या मारत भांडतात. पडद्याबाहेर गेली की एक जीव गेला. प्रत्येकीला तीन जीव. मी हातोडीवाली घेतली. जाड, सावकाश, पण एक घाव पुरे. विहीणबाईंनी छत्रीवाली घेतली. काडीसारखी, छत्री उघडून तरंगत बसते. खाली दोघींचा एकेक आकडा असतो, शून्यापासून चढत जातो, जीव गेला की पुन्हा शून्य. आज माझा एकशे बारा, त्यांचा नऊ. पहिल्याच दिवशी.
तिन्ही जीव माझेच गेले, ते सोडा. हात बसायचा आहे.

गुरुवार, ६ मार्च.
नात शिकवत होती. छत्रीवालीच्या मागे धावू नकोस, ती पळवून दमवते. कडेला थांब, ती तरंगत खाली उतरली की हाण, तिचा मार आला की ढाल धर. ढाल भित्र्यांनी धरावी. मग खालच्या आकड्याचं काही सांगायला लागली. म्हटलं, चौथी शिकले आहे, आकडे कळतात मला.
रिमोटचं एक बटण चिकटतं. नोंद करून ठेवते.

शुक्रवार, ७ मार्च. दुपार.
गुपित सापडलं. विहीणबाई मारतात तेव्हा माझा आकडा चढतो, आणि आकडा चढला की माझी बाई लांब लांब उडते. म्हणजे तापते. इस्त्रीचं तेच आहे. थंड इस्त्री कितीही दाबा, सुरकुती हलत नाही. तेव्हा डाव असा: पुढे होऊन मार खायचा, दोनशेपर्यंत तापायचं, मग एकच घाव. आपण त्यांना मारायचं नाही. आज चुकून हातोडी लागली तर त्यांचा आकडा बावीसने वर गेला. फुकट तापवून दिली.
नातीला सांगितलं नाही. निम्मं रक्त तिकडचं आहे.

शनिवार, ८ मार्च.
सराव. पाच हरले, पण एकदा एकशे सत्त्याऐंशी. स्वयंपाकघरात विहीणबाई लेकीला सांगत होत्या, "त्या नुसत्या उभ्याच राहतात गं, मारायला कसंतरीच होतं." घाबरली आहे.
उद्या चहा नाही. हात थरथरतो.

रविवार, ९ मार्च. दुपारी तीन.
चहा घेतला. दोन कप. उशी आधीच कॉटवर ठेवून आले आहे.

रविवार. संध्याकाळी सहा.
पहिला जीव एकशे नव्वदवर गेला. दहा कमी पडले. विहीणबाईंना घाम फुटला होता, बटण सुटलं, छत्री उघडलीच नाही, बाई खाली. मग माझा दुसरा गेला. मग त्या लेकीला पंखा लाव म्हणायला वळल्या आणि फळीवरून चालत चालत पडल्या. एकेक जीव उरला. सून उभी. मुलानेही पेपर खाली ठेवला.
तेवढ्यात विहीणबाई म्हणाल्या, काल नातीला पांघरूण घातलं, तिला सवय होतेय माझी.
माझा डाव डोक्यातून गेला. पाच वेळा हातोडी घातली. छत्रीवाली फळीच्या कडेला एका हाताने लोंबकळत राहिली. नात ताडकन उठली.
"मार आजी, मार. एकच. मग कॉट आपली."
मी खाली बघितलं. त्यांचा एकशे चाळीस. माझा अठरा. अठरावर कुठली सुरकुती जाते? रिमोट मांडीवर ठेवला आणि तापायची वाट बघितली.
त्या चढल्या वर. छत्री टोचत राहिल्या. साठ. नव्वद. दीडशे. दोनशे. आता म्हणून हातोडी उचलली, तर माझी बाई पडद्यावरच नव्हती.
 नात खोलीत गेली, दार लावून घेतलं.

सोमवार, १० मार्च. सकाळी सात.
मुलगा चहा घेऊन सोफ्याच्या टोकाला बसला. म्हणाला, "आई, तो आकडा खाल्लेल्या माराचा असतो. जास्त झाला की माणूस एका फटक्यात जातो."
म्हणजे एक घाव पुरे होता. हे मी बुधवारीच लिहिलं आहे, वर बघावं. बटण चिकटलं नसतं तर.
सोफा दाराला लागून आहे. सहालाच कोणीतरी बेल दाबली. मी उठले नाही. सुनेला बजावलं, यापुढे बेल वाजली की विहीणबाईंनी उठायचं. कॉट त्यांची, तर बेलही त्यांची. फक्त संध्याकाळी साडेपाचला नात क्लासवरून येते, ती बेल माझी. तेव्हा दुसऱ्या कोणी दाराला हात लावायचा नाही.