थोरला रांजण

रिंद,
१६ मार्च

प्रिय हमायाकदादा,

"तुझ्या हातची वाइन लोणच्याच्या बरणीत शोभेल, वार्सो." बाबांच्या तळघरात तू हे म्हणालास तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. तेव्हा रडले होते. आता आठवलं की हसू येतं.

इकडे सगळं ठीक. जर्दाळूला कळ्या धरल्यात. वहिनीचा गुडघा कसा आहे? तुमच्या तिकडे रोस्तोवला अजून बर्फ असेल. फोन न करता पत्र का, ते पुढे कळेल.

बसच्या ड्रायव्हरबरोबर एक बाटली पाठवते आहे. कोलाची बाटली बघून नाक मुरडू नकोस. आत आपल्या काळ्या अरेनी द्राक्षांची वाइन आहे, गेल्या ईस्टरला काढलेली. फ्रिजमध्ये ठेवू नकोस. खिडकीशी ठेव, तासभर आधी बूच काढ. सोबत जमिनीत पुरून मुरवलेलं बकरीचं चीज आणि लवाशच्या पातळ रोट्या दिल्यात. पेला छोटा घे. एकटा असलास तरी कुणाच्या तरी नावाने दोन शब्द बोल आणि मगच पी. न बोलता प्यायचं ते पाणी, असं बाबा म्हणायचे.

हीच वाइन शेजारच्या सेत्राककाकांना चाखायला दिली होती. त्या माणसाने स्वतःच्या लग्नातसुद्धा कशाला चांगलं म्हटलेलं नाही. एक घोट घेतला, टोपी काढली, परत घातली.

"कशी आहे, काका?"

"तुझा बाप वरून ऐकत असेल तर ऐकू दे. आता तो दोन नंबरवर गेला." मग म्हणाले, "माज करू नकोस. अजून एक पेला दे, खात्री करतो."

मी माज केलाच, दादा. दोन दिवस गावातून मान वर करून हिंडले.

आता पुढचं. पहिल्याच घोटाला तुला कळेल, म्हणून आधी मीच लिहिते. ही चव मी वाइन मुरवते त्या माझ्या दोन धाकट्या रांजणांची नाही.

तळघरात जमिनीत पुरलेला थोरला रांजण बाबांनी तुला दिला. "मी आलो की भरीन," म्हणालास. तीन हंगाम तो रिकामा राहिला. रिकामा रांजण आतून मरतो, हे तूच मला शिकवलंस. मी रोज बोटाने वाजवून बघायचे. आवाज बुजत चालला होता. मग मी तुला फोनवर सांगितलं, थंडीने त्याला तडा गेला. तू रडलास. मी ते ऐकलं आणि तरी गप्प राहिले.

तडा गेला नव्हता. मी आत उतरले, घासून काढला, मेण फिरवलं, भरला. सहा हंगाम झाले. रांजण वाचवायला खोटं बोलले, असं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे तू आला असतास तर तो मला भरायला मिळाला नसता. फोनवर तुझा आवाज ऐकला असता तर आजही हे बोलले नसते.

खोट्याची लाज वाटते. वाइनची नाही. ती फार चांगली झाली आहे, दादा.

ईस्टरला तो पुन्हा उघडायचा आहे. तू नाहीच म्हणशील, मी ओळखते तुला. तरी ये. झाकणावरची माती तू फोड, पहिला पेला तू काढ, आणि सगळ्या टेबलासमोर उभा राहून सांग, ही वाइन कुणी केली.

तुझी,
वार्सेनिक