वस्तादांचा वाईस सोडला

मंगळवार, लातूर

आज वस्तादांनी कोन साधायला तिरका बसवलेला वाईस, म्हणजे कापायचा जॉब घट्ट धरणारा शिकंजा, मी सोडला. ज्यांनी मला मिलिंग मशीन चालवायला शिकवलं, त्यांचंच सेटिंग! बरं केलं ना? पण जॉबवर मापाचा डायल फिरवला तर काटा हलत होता, म्हणजे कोन चुकलेला. दुसऱ्यांदाही हलला.

वस्ताद म्हणाले, "एवढं चालतंय, मशीन लाव."

"न्हाई वस्ताद, जॉब वाया जाईल."

माझी खात्रीच होती. वाईस सोडून सगळं पुसलं, तर कोनाच्या ठोकळ्याखाली केसाएवढा लोखंडाचा कीस अडकलेला. पुन्हा बसवलं. आता काटा गप्प. वाटलं, चिडतील. त्यांनी पाना घेतला, स्वतः बोल्ट आवळले आणि कारखान्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हिच्या सेटिंगला हात लावायचा न्हाई कुणी. मीबी न्हाई."