चला नेर, एक सीट

लोहारा, यवतमाळ
२० फेब्रुवारी २०२६

चि. नंदास ताईचे अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

फोन असून पत्र कायले लिहून राह्यली, म्हणशील. अवं, फोन पियुषच्या हातात असते, तोही स्पीकरवर. पोराच्या तोंडासमोर पोराचंच गाऱ्हाणं कसं सांगू? डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस चाल म्हणून दिवाळीत आणलं. ऑपरेशन कधीचंच झालं, आता होळी आली. तो अन् सूनबाई समीक्षा कामावर जातात ते बाहेरून कुलूप लावून. मी पडीन, गॅस चालू ठेवीन, कोणी चोर येईन, त्याची कारणं सरत नाहीत. पोरगा वाईट नाही व, पण मी घरात आहो का कोंडवाड्यात, तेच समजत नाही.

काल डोळे दाखवाचे होते. त्याले सुट्टी नाही, म्हणून मोबाइलवरून गाडी बोलावून मले बसवून दिलं. जन्मात पहिल्यांदा अशा गाडीत बसली! आपल्याले सवय काळीपिवळीची, साऱ्या सीटा भरल्याबिगर न हलणाऱ्या. मी कोपऱ्यात सरकली, पिशवी मांडीवर घेतली, बाकीच्यांले जागा केली. गाडी रिकामीच निघाली. मले काही चैन पडेना. रस्त्यात एक बाई गाठोडं घेऊन उभी दिसली, तशी म्हटलं थांब रे बापू, अन् दार उघडून तिले आत घेतलं! ड्रायव्हर प्रेमसिंग, आपल्या नेरजवळच्या तांड्यावरचा, हसून हसून बेजार. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पियुष विचारे, गाडी काहून थांबली?

अवं नंदे, ऑफिसात बसून त्याले माही गाडी दिसून राह्यलती. मग मी प्रेमसिंगजवळ सारं बोलली, रडली पण. म्हटलं, नेरले वळव गाडी. तो म्हणे, आजी, मी इकडं वळलो की तुमच्या पोराच्या फोनात गाडी वळते, माहं काम जाईल. त्याची आई तांड्यावर एकटी राहते, शहरात येत नाही, अन् तोही ओढून आणत नाही. शेवटी एवढंच बोलला, की तुम्ही दवाखान्यात उतरल्या की गाडीचं काम संपते, पुढचं फोनले दिसत नाही. पण काल माही हिंमत झाली नाही. परत आली तर समीक्षा कुलूप घेऊन दारातच उभी होती.

हे पत्र शेजारच्या सत्यशीलेले खिडकीच्या गजातून देते. उत्तर तिच्याच पत्त्यावर धाड. मले माह्या घरी यायचं आहे.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुही ताई, तानाबाई


नेर
२८ फेब्रुवारी २०२६

ती. ताईस नंदाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून आधी हसली, मग पदर डोळ्याले लावला. तुले विमानात बसवलं तरी तू दारात उभी राहून सीटा भरशील! अन् म्हणे डोळे खराब. रस्त्यावरची बाई बरी दिसली!

पण गंमत पुरे. पियुषचा फोन आलता. आईचं डोकं ठिकाणावर नाही, भलत्यांसाठी गाड्या थांबवते, म्हणे. तुह्या घरात पाडव्यापासून भाडेकरू ठेवून राह्यला. चावी मागे. चावी माह्या कमरेलेच होती, तरी सापडत नाही म्हटलं. भाच्याशी खोटं बोलताना जीभ अडखळली. पंधरा तारखेच्या रविवारी तो कुलूप तोडाले येतो. एकदा दुसऱ्याची चूल पेटली की तुह्यासाठी तिथं जागा नाही, ताई. मी ये म्हणत नाही, नको येऊ बी म्हणत नाही. पण त्या रविवारच्या आत काय ते ठरव.

तुह्या कढीपत्त्याले रोज पाणी घालते. लहान बहिणीची आठवण असू दे.
तुही नंदा


नेर
१२ मार्च २०२६

चि. पियुषास आईचे अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

मी सुखरूप पोचली, हे नंदानं फोनवर कळवलंच. पण फोनवर तू मले बोलूच देत नाही, म्हणून हे पत्र.

परवा तूच पुन्हा डोळे दाखवाले गाडीत बसवून दिलं. डॉक्टर म्हणे, डोळा साफ झाला. ड्रायव्हरवर रागावू नको. वाटेत थांबू नको असं तू बजावलंतं, तो थांबला नाही. दवाखान्यातून मी पायी स्टँडवर गेली अन् काळीपिवळीत बसली. एक सीट कमी, गाडी हलेना. तुह्या गाडीसारखी मोटारसायकल दिसली की जीव खालीवर होये. आपल्याच पोरापासून पदरात तोंड लपवून बसली, चोरासारखी. फार वाईट वाटलं रे. मग म्हटलं, जळो मेलं! खाली उतरली अन् मीच ओरडली, चला नेर, एक सीट, एक सीट! सारं स्टँड पाहे. एक कॉलेजची पोरगी पळत आली अन् गाडी निघाली.

माहं डोकं फिरलं असं वाटते तर वाटू दे. पडीन तर माह्या अंगणात पडीन. तुले माही काळजी आहे, मले समजते. पण तुह्या काळजीनं माहा जीव गुदमरून राह्यलता. भाडेकरूले नाही म्हणून सांग.

रविवारी समीक्षाले घेऊन ये. वांग्याची भाजी अन् भाकरी करते. राग असला तरी जेवून जा.
तुही आई

ता. क. कुलूप तोडाचं सामान आणू नको. कुलूप मी काढून टाकलं. आता दाराले आतून कडी असते. तू आवाज दे, मी उघडीन.