वहिनीला घेऊन वांसद्याला

बाबा, मागच्या महिन्यात मी वहिनीला घेऊन वांसद्याच्या जंगलात जाऊन आले. माझ्या गाडीने, मी चालवत. तुम्ही जाऊन वीसेक वर्षं झाली, तेव्हा हेही सांगायला हवं की तुमची मुलगी आता गाडी चालवते. बोईसरच्या कारखान्यातून निवृत्त व्हायच्या आधी शिकले, रविवारी, एमआयडीसीचे रस्ते मोकळे असतात तेव्हा. शिकवणारा म्हणाला, "मॅडम, इस उमर में?" मी म्हटलं, ह्याच उमर में.

तुम्हाला आठवत नसेल, मला आठवतं. मी आठवीत आहे. शाळेची सहल बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात निघाली आहे आणि आईने पहाटे उठून माझा डबा भरला आहे. तुम्ही मागच्या दारी पाय धुताय. माझ्याकडे बघून म्हणता, "झाडं बघाया गाडीत बसून कोन जातं? आपल्या वाडीत झाडं नाय? पानवेलींना पानी कोन घालील?" आई नारळ खवत होती, ती खवतच राहिली. मी गणवेश उतरवला आणि वाडीत गेले. त्याच्या दोनच वर्षं आधी दादाला मात्र त्याच सहलीला पाठवलं होतंत. निघताना तुमची टोपी काढून त्याच्या डोक्यावर घातली होतीत.

एवढ्यावरून कुणी जन्मभर रुसून बसत नाही, मीही बसले नाही. नोकरी केली, संसार केला, नवऱ्याचं आजारपण काढलं. पण वाडीतली झाडं मला कधी झाडं म्हणून दिसलीच नाहीत. केळ दिसली की बुंध्याशी साचलेला पाला दिसायचा, वेल दिसली की बांधायची राहिलेली दिसायची. वहिनीचं तर माझ्याहून वाईट. पालघरजवळच्या आपल्या माहीमला लग्न होऊन आली, ती लग्नकार्यं आणि मयती सोडल्या तर पालघरच्या पुढे गेलीच नाही. मी विचारलं, येतेस का? तिने कुठे, कशाला, काही विचारलं नाही. "येते," म्हणाली.

सकाळी तिला घ्यायला गेले तर दादा फाटकात उभा. "दोघी बायकाच? बाबा असते तर जाऊ दिलं नसतं."

"बाबा असते तरी गेलो असतो," मी म्हटलं.

वहिनीने पिशवी मागच्या सीटवर टाकली, पुढे येऊन बसली आणि दार लावून घेतलं. मनोरला हायवे लागला. तशी वहिनी समोर बघतच म्हणाली, "वन्सं, हिथं कुठं गाडी थांबवू नका. थांबलात तर मी परत जाईन." मी गुजरात लागेपर्यंत थांबवली नाही.

वांसद्याच्या जंगलाजवळ वघईला आधी झाडांची सरकारी बाग बघितली. बांबूचे किती प्रकार असतात, बाबा, तुम्हालाही ठाऊक नसेल. एका पिवळ्या बांबूच्या बेटापाशी वहिनी कितीतरी वेळ नुसती उभी. हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. शेवटी विचारलं, "हिथं पानी कोन घालतं?" मी म्हटलं, "आपण नाही." त्यावर ती हसायला लागली, आणि तोंडाला पदर लावूनही तिला हसू आवरेना. तुमच्या घरात मी तिला असं हसताना पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी जंगलात चढलो. सोबत तिथलाच एक वाटाड्या होता. वहिनीच्या पायात तिच्या मुलाचे बूट, अंगावर नऊवारीसारखं खोचलेलं पातळ. सागाच्या वाळक्या पानांवरून तिचा पाय घसरला, ती बसली आणि म्हणाली, मला नाय जमायचं, तुमी जा. मी म्हटलं, मग दोघी इथेच बसू. थोड्या वेळाने उठली ती माझ्या पुढे चालायला लागली, आणि वरपर्यंत पुढेच राहिली. वर खडकावर पाय पसरून बसलो. खाली नुसतं रान, त्यात आपल्याला करण्यासारखं एकही काम नाही. तेवढ्यात दादाचा फोन आला. वहिनी म्हणाली, "तांदूळ डब्यात हायत. धुवा आणि कुकर लावा." आणि फोन ठेवला.

परत आलो तेव्हा दादा मोरीपाशी बसला होता. कुकर करपलेला होता, तो त्यानेच घासायला घेतला होता. पुढल्या थंडीत आम्ही आणखी लांब जाणार आहोत, हे वहिनीने त्याला त्याच वेळी सांगून टाकलं. तुम्हाला पटणार नाही. तुम्हाला पटावं म्हणून हे लिहिलेलंही नाही, आणि धाडायला तुमचा पत्ता तरी कुठे आहे.

एक मात्र सांगते. जंगलाच्या तोंडाशी चहाची टपरी होती. तिथल्या बाईने सहज विचारलं, दोघीच आलात का? तिने अडवलं नव्हतं, नाकही मुरडलं नव्हतं. वहिनी मान हलवणार, त्याआधी माझ्याच तोंडून निघून गेलं, "वडील मागून येतायत."