आमच्या ज्वारीत बाजरी

शनिवार, पौष महिना, १९४६. सांज.

लिवण्यात चुका व्हतील, माफी असावी. तिसरीत शाळा सुटली, हात लई सावकाश चालतो.

गावात इंजनाची गिरणी आली. माय म्हनली व्हती, "एक डाव पाहू. पीठ बिघडलं तं पुन्हा जातं." जातं वढून आलेले माझ्या तळहाताचे फोड अजून वले हायेत, म्हणून पीठ बिघडू नये असं मनात म्हणत, जीव मुठीत धरून गेले. आपल्याच लोकांमागं दळ, असंबी तिनं बजावलं व्हतं. पण माझ्या पुढं निघाली तांड्यावरची बाई. तिला मागं सर म्हणू कसं? मला तं सोताचं नाव सांगायची लाज वाटते.

तिची बाजरी, आमची ज्वारी. गिरणीत राहिलेली तिची मूठभर बाजरी आमच्या पिठात आली.

आता भाकरीवर करडे ठिपके दिसले. मायनं इचारलं, "ही बाजरी कुणाची?"

"तांड्यावरच्या बाईची. ती पुढं व्हती." काहून कोण जाणे, खरंच सांगून टाकलं.

मायनं भाकर बाजूला सारली. आबांनी मात्र तीच भाकर मोडली. म्हनले, "आणिक एक दे. गोड लागून राहिली."

माय तव्याकडंच पाहत म्हनली, "मंग तिला म्हणावं, जरा जास्त सांडत जाय."

म्हणजे गिरणीचं दळण चालू राहिलं!

आमची मूठभर ज्वारीबी कुणाच्या तरी भाकरीत गेली असंल. कुणाच्या? मागं वळून पाहिलंच न्हाई. पुढच्या खेपंला पाहीन, जमलं तं बोलीनबी.

शेजारच्यांची हरवलेली शेळी सापडली. मारुतीच्या देवळात बसली व्हती.