गुणवंताच्या धानावर करपा

भाद्रपद, रविवार. दिवेलागण

देवापुढे दिवा लावत होते, तेवढ्यात माहेरून धाकट्या भावाचा, गुणवंताचा, फोन आला. धानावर करपा पडला म्हणे. पानाचा फोटोही पाठवला. डोळ्याच्या आकाराचे ठिपके, मधोमध राखेसारखे.

"युरिया किती टाकला?" मी विचारलं.

"शेजाऱ्याचं धान हिरवंगार दिसून राह्यलं होतं ना ताई. मंग मीबी अजून टाकला."

बाबा असते तर म्हणाले असते, "धानाले नवरदेवावानी आग्रह करू नोको, पोट बिघडते त्याचं!" लहानपणी हे ऐकून आम्ही दोघं बांधावर लोळून हसायचो. पाय चिखलात. इथं शहरात, राजापेठेत, त्या चिखलाचा वास कुठला? इकडे शेतीची गोष्ट निघाली की कपाशी, नाहीतर सोयाबीन.

आज फवारणी केली म्हणाला. लोंबीच्या मानेपर्यंत रोग गेला नाही तर पीक वाचेल. देवी, वाचव बाई. ते ठिपके नजरेपुढून हलत नाहीत.

शेवटी हळूच म्हणाला, "मार्गशीर्षात नवे तांदूळ नाही पोचले तं?"

लग्न झाल्यापासून मार्गशीर्षातल्या गुरुवारी देवीची खीर माहेरच्याच तांदळाची. मी म्हटलं, "दुकानातले आणीन. देवीले चालतात."

देवीला चालतील. माझ्या घशाखाली ती खीर उतरेल का?